तुमचा एक मंगळवार सांगा

इथे टेक्सासमध्ये प्लेनोला, माझ्या मुलीच्या घरात, कपडे वाळवायचं मशीन माझ्या खोलीला लागूनच आहे. ते सुरू झालं की भिंत हळूहळू कोमट होते, साबणाचा वास येतो आणि माझे डोळे मिटायला लागतात. मुलगी दारातून डोकावते आणि म्हणते, "आई, आर यू ओके? दिवसा का झोपतेस तू?" आता हिला काय सांगू! मी झोपत नाही गं बाई, मी ऑफिसला जाते.

माझं ऑफिस एका लाँड्रीच्या वर होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही न्यू जर्सीत पिस्कॅटवेला राहायचो आणि तिथून बसने थोडं पुढे गेलं की हे दुमजली घर. खाली दिवसभर ड्रायर फिरायचे, वरची आमची लाकडी जमीन पोळ्यांच्या डब्याच्या झाकणासारखी ऊबदार असायची. हिवाळ्यात लोक आत आले की पहिल्यांदा बूट काढायचे. भांडायच्या तयारीने आलेला माणूससुद्धा थोड्या वेळात मऊ पडायचा. एक आजोबा तर दर आठवड्याला नुसते डुलकी काढायला यायचे. त्यांच्यावर काडीचं कर्ज नव्हतं, पण मार्था त्यांना उठवू द्यायची नाही. मार्था म्हणजे आमची मुख्य. मोठ्या बांध्याची, हळू बोलणारी, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कुठल्याशा खेड्यातून आलेली वकीलबाई. ती मला सूडा म्हणायची. माझं नाव सुधा आहे हे मी तिला बऱ्याचदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं.

आमचं काम काय, हे माझ्या घरच्यांनाही कधी धड कळलं नाही. सासूबाई नागपुरात सगळ्यांना सांगत, सून कर्जबुडव्यांच्या ऑफिसात आहे. बाप्पा! त्यांचं अगदीच चुकत होतं असंही नाही म्हणा.

त्या काळी तिकडे क्रेडिट कार्ड टपालाने चालत घरी यायचं. आधी पत्र, की आम्ही खास तुम्हाला निवडलं आहे. मग एक सही, मग कार्ड. ते वापरून तुम्ही दरमहा थोडेसे पैसे भरत राहिलात की बँक खूश. आपणहून लिमिट वाढवायची, म्हणजे उधारीची मर्यादा. तुमची नोकरी टिकून आहे का, घरात कोण अंथरुणाला खिळलंय, हे विचारतो कोण! शेवटी माणूस बुडाला की तीच बँक कोर्टात जायची. तेव्हा आमचं ऑफिस मध्ये उभं राहायचं आणि विचारायचं, यांनी घेतले हे कबूल, पण तुम्ही दिलेत ते काय बघून? यांची ऐपत तुम्ही कधी पाहिली होती का?

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही आपली म्हण मी एकदा मार्थाला समजावून सांगितली. तिने ती कागदावर उतरवून घेतली. मग म्हणाली, "सूडा, आणि दर थोड्या दिवसांनी कोणी येऊन तुमचं अंथरूण वाढलंय, अभिनंदन, असं सांगत असेल तर?" तेव्हापासून मी ती म्हण कोणाला ऐकवली नाही.

कायद्यात आमच्या म्हणण्याला सरळ आधार नव्हता, हे खरं सांगून टाकते. पण न्यायाधीश खटल्याआधी दोन्ही बाजूंना एका खोलीत बसवायचे, आपसात जमतंय का बघा म्हणून. आमची सगळी लढाई त्या खोलीत. बँकेच्या वकिलाला उघड्या कोर्टात 'आम्ही काही न बघता पैसे दिले' असं म्हणायची लाज वाटायची. तेवढी फट आम्हाला पुरायची.

माझी पहिली चूक म्हणजे मी लोकांना सरळ विचारायचे, पगार किती, खर्च किती. लोक खोटं बोलायचे. मुद्दाम नाही हो, लाजेने. मार्थाने मला बाजूला घेतलं. "पैसे विचारू नकोस. मंगळवार विचार." मला कळेना. ती म्हणाली, सोमवारी माणसाने नवा निश्चय केलेला असतो, शुक्रवारी पगार झालेला असतो, शनिवार-रविवार सगळे श्रीमंतच असतात. मंगळवारी कोणी सोंग करत नाही. तुमचा एक मंगळवार सांगा म्हणायचं आणि गप्प बसायचं. उठल्यापासून दिवा मालवेपर्यंत माणूस सांगत जातो, आणि घराची ऐपत आपोआप समोर येते. चहात दूध होतं का, बस घेतली की चालत गेले, औषधाची गोळी अख्खी घेतली की अर्धी.

काय काय मंगळवार ऐकलेत मी! खाली ड्रायर घरघरतोय, खिडकीबाहेर बर्फ भुरभुरतंय आणि एखादी म्हातारी डोळे मिटून सांगतेय. कधीकधी मला वाटायचं, आपण कामावर नाहीच आहोत, कोणाच्या तरी झोपेत शिरून बसलोय.

एक बाई यायची, बस चालवून निवृत्त झालेली. तिचा नवरा वारला होता, पण त्याच्या नावाचं कार्ड चालूच होतं. ती त्यावर त्याच्या थडग्यासाठी फुलं घ्यायची. नंतर त्याच्या आवडीची मासिकं, मग त्याच्या मापाचा रेनकोट. बिल तीच भरायची, पण तोच भरतोय असं तिला वाटायचं. बँक वेळेवर पैसे येताहेत म्हणून, तिची पुंजी संपेपर्यंत, दरवर्षी त्याची लिमिट वाढवत गेली. मेलेल्या माणसाची ऐपत जिवंतपणी नव्हती तेवढी झाली! ते प्रकरण मार्थाने एका वाक्यात जिंकलं. बँकेच्या माणसाला म्हणाली, "त्याला एकदा साक्षीला बोलवा." आम्ही हसलो, पण त्या बाईला फार वाईट वाटलं. तिचा मंगळवार आम्ही तिच्याकडून काढून घेतला होता.

आता मुख्य गोष्ट सांगते. ती सांगायलाच बसलेय.

आमच्या भागातल्या जुन्या मराठी माणसांना अप्पाकाका आणि कमलकाकू ठाऊक असतील. काका सांगलीकडचे, एका यंत्रांच्या कंपनीत ड्राफ्ट्समन, म्हणजे नकाशे काढणारे. मूलबाळ नव्हतं, पण त्यांच्या घराचं बेसमेंट कधी रिकामं नव्हतं. भारतातून कोणीही मराठी माणूस शिकायला किंवा नोकरीला आला की पहिले काही आठवडे मुक्काम त्यांच्याकडे. ही तेव्हाची रीतच होती. नव्या माणसाला कार्ड मिळत नसे, कार्डाशिवाय काही मिळत नसे. मग काका पुढे व्हायचे. याचा कोट, त्याची गादी, कोणाच्या बायकोचं विमानाचं तिकीट, सगळं काकांच्या कार्डावर. "दे रे सावकाश," एवढंच म्हणायचे. माझा पहिला हिवाळी कोटही त्यांनीच घेतला होता, तपकिरी, मोठ्या खिशांचा. माझ्या नवऱ्याने, विनायकने, पहिल्या पगारात पैसे परत केले तर काका रागावले होते. "घाई काय होती? बँक पळून चालली होती का?"

सगळे विनायक नसतात. कोणी दुसऱ्या गावी गेलं, कोणी विसरलं, कोणाला वाटलं काकांना काय कमी आहे! आणि काका मागणार? छे. आपल्या माणसांची ही एक गंमत आहे. रस्त्यात सांडलेला धान्याचा एक दाणा उचलतील, पण दिलेला कोट तोंडाने मागणार नाहीत.

एका जानेवारीत कमलकाकू एकट्याच आमच्या ऑफिसात आल्या.  काकूंनी बूट काढले, दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकवली आणि डोळे मिटून घेतले.

"किती ऊब आहे गं इथं, सुधा," त्या म्हणाल्या.  मग पर्समधून कोर्टाचा कागद काढला. बँकेने दावा लावला होता. निकाल विरुद्ध गेला तर बोजा घरावर चढणार होता, आणि काका पेन्शनीच्या वयाला टेकलेले. पुढचं कोणीही सांगू शकलं असतं.

"घर जाईल का गं?" त्यांनी विचारलं. "मला बाकी घराचं काही नाही. पण बेसमेंट गेलं तर ह्या माणसाचं काय होईल?"

मी म्हटलं, "काकांना घेऊन या."

"ते यायचे नाहीत. मी आलेय हेही सांगू नकोस."

मी रीतीप्रमाणे काकांच्या पगाराची खात्री करायला त्यांच्या कंपनीत फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, नकाशे काढायला आता कॉम्प्युटर आले, तो सगळा विभाग मागच्या वर्षीच बंद झाला. मी रिसीव्हर हातात धरून बसले. कारण काका रोज सकाळी डबा घेऊन गाडीने निघतात हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. परवाच मला हात केला होता त्यांनी.

मी एका दुपारी काकूंकडे गेले, आधी न कळवता. घर गार पडलेलं आणि काकू अंगात दोन स्वेटर घालून मेथी निवडत बसलेल्या. मला बघून गडबडल्या. "अगं, हीटरला काहीतरी झालंय," म्हणाल्या आणि घाईने चहा टाकला. संध्याकाळी काका येईपर्यंत मी थांबले. ते यायच्या थोडं आधी काकू उठल्या, भिंतीवरचं बटण फिरवलं आणि घर हळूहळू उबदार झालं. बिघडलेला हीटर इतका शहाणा कसा, हे मी तेव्हा मनातही विचारलं नाही. एवढं मंगळवारांचं शिक्षण घेऊन!

काका आले, टोपीवरचं बर्फ झटकलं. "अरे वा, सुधा! जेवून जा." कोर्टाच्या यादीत नाव दिसलं, असं सांगून मी विषय काढला.  मी सांगितलं, काका, एक वाट आहे. तुमची ऐपत नसताना बँकेने लिमिट वाढवत नेली, हे आपण म्हणायचं. पण ते तुम्हालाच म्हणावं लागेल, त्या खोलीत, सगळ्यांसमोर.

"काय म्हणावं लागेल?"

"की माझी ऐपत नव्हती."

काकांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या वडिलांना शिवी दिली होती. "खर्च मी केला," ते म्हणाले. "सही माझी. बँकेचं काय चुकलं? आणि ऐपत नव्हती म्हणजे? या घरातून कोणी उपाशी गेलंय का?"

"मग ज्यांना दिलेत त्यांच्याकडे मागा तरी! मी फोन करते हवं तर."

"खबरदार," काका म्हणाले. एवढंच. आवाजही चढवला नाही.

 मी म्हटलं, "बरं, तुमचा एक मंगळवार सांगा." आणि गप्प बसले.

काकांनी खुर्चीत मान मागे टेकवली. काय सुंदर मंगळवार सांगितला त्यांनी! खिडकीजवळचं कलतं टेबल. उत्तरेचा उजेड, सावली न पाडणारा. पेन्सिलीला टोक करताना येणारा लाकडाचा वास. शेजारचा इटालियन टोनी, त्याला फक्त आपल्या बागेतल्या टोमॅटोंविषयी बोलायचं असतं. दुपारी कॅन्टीनची कॉफी. एक दातेरी चाक कागदावर काढता काढता ते फिरायला लागल्यासारखं वाटतं, तो क्षण. सांगता सांगता काकांचा हात हवेत रेघा काढत होता. सगळं खरं होतं आणि त्यातलं काहीच उरलेलं नव्हतं. काकू पोळ्या लाटत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं, बिचारीला काही ठाऊक नाही.  मी न जेवता पळाले.

त्यानंतर काही दिवसांनी माझी नणंद भारतातून येणार होती. विमान न्यूयॉर्कला दुपारी उतरणार. विनायकला सुट्टी मिळेना, म्हणून मी एकटीच गाडी घेऊन गेले. विमान उशिरा होतं. विमानतळाचा तो दिवाणखाना मला फार आवडायचा. उंच काचा, त्यातून येणारं दुधट ऊन, आणि वर एक मोठा काळा फळा. त्यावरची अक्षरं खडखड करत उलटायची, गावांची नावं बदलायची. रोम जाऊन कैरो, कैरो जाऊन मुंबई. लोक माना वर करून बघत राहायचे.

त्या लोकांत अप्पाकाका बसले होते. टाय लावलेला, मांडीवर स्टीलचा डबा.

मी शेजारी जाऊन बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फळ्याकडे. रागावले नाहीत, दचकले नाहीत. मला वाटतं, कोणीतरी येईल याची ते वाटच बघत असावेत.

"आधी लायब्ररीत बसून पाहिलं," ते म्हणाले. "तिथं लोक बघतात. मॉलमध्ये पहारेकरी बघतो. इथं वाट बघणारा माणूस बेकार वाटत नाही, सुधा. इथं सगळेच वाट बघत असतात."

"रोज येता?"

"आठवड्यातून एकदोनदा. पेट्रोल पडतं ना. बाकी दिवस तळ्याकाठी, गाडीतच." त्यांनी डब्यावरून हात फिरवला. "आपली पोरं बाहेर येतात बघ, त्या दारातून. गोंधळलेली असतात. कोणाचा मित्र आलेला नसतो, कोणाचा पत्ता हरवलेला असतो. मी जातो, मराठी का म्हणतो. एक पोळी देतो. काहीजण रडतात. मग ऑफिस सुटायच्या वेळेला घरी घेऊन जातो."

मी विचारलं, "आणि कार्ड?"

तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी अजून विसरले नाही. नोकरी गेली त्याच आठवड्यात बँकेचं पत्र आलं. तुमची लिमिट वाढवत आहोत, अभिनंदन. "त्या आठवड्यात माझं अभिनंदन करणारं दुसरं कोणी नव्हतं गं," काका म्हणाले. "मी ते पत्र तीनतीनदा वाचलं. मला वाटलं, यांना तरी माझ्यात काही दिसतंय." पुढे बिल भरायला पैसे राहिले नाहीत, तर बँकेनेच कोरे चेक पाठवले, लिहाल तेवढं कार्डावरच उधार. त्या चेकांनी ते बँकेचंच बिल भरत गेले. आणि बँक म्हणायची, काय वेळेवर भरतो हा माणूस! आणखी वाढवा याची लिमिट. आडात नव्हतं ते पोहऱ्यात कुठून येत होतं, हे बँकेने एकदाही वाकून पाहिलं नाही.

"काका, हे सगळं असंच्या असं त्या खोलीत सांगा. आपण जिंकू. घर राहील."

"कमलसमोर?" घर दोघांच्या नावावर होतं, काकू खोलीत असणारच होत्या. "कमलला वाटतं मी ऑफिसला जातो. तेवढं राहू दे. घर गेलं तर गेलं."

मी हात जोडले, रडले, भांडले. त्यांच्या होकाराशिवाय आम्हाला नोकरीचं तोंडातून काढता येत नव्हतं. मुंबईचं विमान उतरल्याची अक्षरं उलटली आणि काका टाय सारखा करून उठले. मला आठवतंय, माझ्या नणंदेला पहिली पोळी त्यांनीच दिली. ती बिचारी म्हणाली, किती चांगले आहेत गं तुमचे इथले लोक!

कोर्टाची तारीख नेमकी मंगळवारी आली. खोली लहान होती, रेडिएटर सुस्कारे टाकत होता आणि काचेवर वाफ धरली होती. बँकेचा वकील तरुण, केस व्यवस्थित विंचरलेला, पण डोळे जागरणाने लाल. घरी तान्हं मूल असणार. वाईट माणूस नव्हता. मार्था टेबलाच्या या बाजूला पसरून बसली होती, मी तिच्या शेजारी, पलीकडे काका आणि काकू.

मार्थाने विचारलं, "लिमिट वाढवली त्या प्रत्येक वेळी तुम्ही यांचं उत्पन्न काय आहे ते पाहिलंत?"

वकील म्हणाला, "दरमहा पैसे येत होते. ज्याला परवडत नाही तो दरमहा भरतो कसा?"

"तुमच्याच चेकांनी," मार्था म्हणाली.

"तो त्यांचा निर्णय. नोकरीचं म्हणाल तर," वकील काकांकडे वळला, "सर, तुम्हीच सांगा. तुम्ही कामावर जाता ना?"

सगळे काकांकडे बघू लागले. मी टेबलाखाली पदर आवळून धरला. हो, त्या दिवशी मी साडी नेसले होते, का कोणास ठाऊक. काका ताठ बसले. टायची गाठ चाचपली.

"अर्थात," ते इंग्रजीत म्हणाले. "आता मंगळवारचंच घ्या. माझं टेबल खिडकीजवळ आहे. उत्तरेचा उजेड..."

गेलं, मला वाटलं. घर गेलं. मार्थाने डोळे मिटून घेतले. वकील लिहून घेत होता. आणि काकांचा हात पुन्हा हवेत चाक काढायला लागला.

काकूंनी तो हात धरला आणि खाली टेबलावर ठेवला.

"सुधा," त्या म्हणाल्या, "मला इंग्रजी जमेल तेवढं जमेल. राहिलेलं तू सांग या वकिलांना. ह्यांचा मंगळवार झाला. आता माझा ऐक."

आणि काकूंनी सांगितलं. मी तिकडे इंग्रजी करत गेले, कसं केलं माहीत नाही.

"मी उठते, कणीक मळते. आधी डब्यात चार पोळ्या द्यायची. मागच्या वर्षी नांदेडचा एक मुलगा आमच्याकडे उतरला. म्हणाला, काकू, मंगळवारी दुपारी विमानतळावर काकांनी मला पोळी दिली तेव्हा जिवात जीव आला. मंगळवारी दुपारी! ऑफिसचा माणूस मंगळवारी दुपारी विमानतळावर काय करतो? मी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून आठ पोळ्या द्यायला लागले. देणारा माणूस आहे, त्याला कमी पडू नयेत."

काका काकूंकडे बघायला लागले. काकू वकिलाकडेच बघत होत्या.

"हे निघाले की मी हीटर बंद करते. दिवसभर दोन स्वेटर घालते. यांच्या यायच्या वेळेला पुन्हा लावते, म्हणजे यांना घर गरम लागतं. दूध मी सोडलं. गुडघ्याचं औषध सोडलं. तुमच्या बँकेने एकदा फोन करून विचारलं असतं ना बाबा, की बाई, तुमच्या घरात दुपारी किती थंडी असते, तर मी सांगितलं असतं. मला कोणी विचारलं नाही. तुम्ही नुसती अभिनंदनं पाठवलीत." त्या थांबल्या. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "आमची ऐपत नव्हती. ह्यांना सांगता येत नाही, म्हणून मी सांगते."

शेवटच्या वाक्याचं मी इंग्रजी केलं की नाही, आठवत नाही. मार्था म्हणते केलं.  वकिलाने पेन खाली ठेवलं, डोळे चोळले आणि म्हणाला, मला ऑफिसला एक फोन करू द्या.

तो बराच वेळ आला नाही. तेवढ्यात काकांनी कोणाकडेही न बघता विचारलं, "पोळ्या तू वाढवल्या होत्यास होय?"

"मग काय, आपोआप वाढल्या?"

"मला वाटलं, मला भूक कमी लागते हल्ली. उरतात म्हणून वाटतो."

"तुम्हाला काय काय वाटतं!" काकू म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. मी वाफेने भरलेल्या खिडकीकडे तोंड केलं.

वकील परत आला. नोकरी गेल्यानंतर जेवढं वाढवून दिलं होतं, ते आणि त्यावरचं व्याज बँक सोडून देणार होती. आधीचं होतं ते काकांनी बारीक हप्त्यांनी फेडायचं, आणि घराला हात लावायचा नाही. मार्थाने हो म्हणायच्या आधी उगाच थोडा वेळ घेतला, तिची सवय होती ती. जाताना त्या वकिलाने काकूंना दार धरून ठेवलं.

तुम्ही म्हणाल, जिंकलात की! जिंकलो. पण माझ्या इतक्या वर्षांच्या कामात ज्यांच्याकडे कमलकाकू नव्हत्या, अशीच माणसं जास्त आली. ती खोलीत ताठ बसून खोटे मंगळवार सांगायची आणि आमच्या डोळ्यांदेखत घरं घालवायची. 'परवडत नव्हतं' एवढे दोन शब्द. अमेरिकन असो की सांगलीचा, पुरुषाच्या घशात ते माशाच्या काट्यासारखे अडकतात. बायकांच्याही अडकतात, पण बायका खोकून काढतात.

मी दोघांना घरी सोडायला गेले.  बर्फावर ऊन पडलं होतं, सगळा रस्ता झोपेत असल्यासारखा पांढरा. घरात शिरल्यावर काकूंनी सवयीने हीटरच्या बटणाकडे हात नेला, मग काकांकडे पाहिलं. काकांनी स्वतः जाऊन हॉलमधलं बटण बंदच ठेवलं आणि स्वयंपाकघरातला तेवढा हीटर लावला. "आपण तिघं इथंच बसू," ते म्हणाले. कपाटातून स्वेटर काढून त्यांनी कोटावरूनच चढवला. काय ध्यान दिसत होतं! काकू हसायला लागल्या.

तेवढ्यात फोन वाजला. काकांनी उचलला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता, तिकडून लांबून बोलताना लोक ओरडायचे ना, तसा. अकोल्याचा कोणी मुलगा, पुढच्या आठवड्यात युनिव्हर्सिटीत येणार होता. कोणीतरी काकांचं नाव दिलं होतं. काही दिवस राहू का, असं विचारत होता. आणि तिथे थंडीचं कसं, कोट वगैरे?

काकू पाठमोऱ्या उभ्या होत्या, कणकेच्या डब्यावर हात ठेवून. त्यांनी वळून पाहिलं नाही.  काका रिसीव्हर कानाला लावून खिडकीतून बाहेर बघत होते. मग त्यांनी घसा खाकरला.

"ये की रे," ते म्हणाले. "जागा आहे, पोळी-भाजी आहे. विमानतळावर मी असेनच. पण कोट तुझा तू बघ बाबा. माझी ऐपत नाही."

फोन ठेवून ते टेबलाशी येऊन बसले. "काय झालं? अशा काय बघताय दोघी?" म्हणाले. काकूंनी डबा उघडला आणि परातीत पीठ घेतलं.

पुढच्या आठवड्यात तो मुलगा उतरला तेव्हा त्याच्या अंगावर, एकावर एक, आईने विणलेले चार स्वेटर होते.